बीपीची गोळी फुकट मिळते, मग वजनाचं औषध का नाही?

लठ्ठ माणसाला सल्ला द्यायला आपल्याकडे कुणालाच डिग्री लागत नाही. भात सोड, रात्रीचं जेवण बंद कर, सकाळी उठून गरम पाण्यात लिंबू-मध घे, आणि हे सगळं सांगून झालं की शेवटी खरा मुद्दा येतो, "तोंडावर जरा ताबा ठेव". बीपीवाल्याला कोणी म्हणत नाही की मनावर घे, उतरेल बीपी. थायरॉइडवाल्यांना तर लोक उलट समजून घेतात, "हो गं, थायरॉइडमुळे वाढतंच वजन", म्हणजे हार्मोनचं कारण असेल तर माफी आणि नसेल तर तो माणूस खादाड, आळशी, जिभेचे चोचले पुरवणारा. आता गंमत अशी की बहुतेक सगळ्या लठ्ठ माणसांच्या बाबतीत हार्मोन मध्ये असतातच, फक्त ते थायरॉइडचे नसतात, भुकेचे असतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना सोपं जाईल. ज्यांचं वजन त्यांना आजारी पाडतंय त्यांना भुकेच्या हार्मोनवर चालणारी औषधं सरकारी दवाखान्यात मिळायला हवीत, बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात तशीच, आणि ज्यांचा विमा आहे त्यांच्या विमा कंपनीने त्याचे पैसे द्यायला हवेत. आत्तापर्यंत यावर एकच उत्तर असायचं, परवडत नाही. ते खोटं नव्हतं. मार्च २०२५ मध्ये यातलं मौंजारो हे इंजेक्शन भारतात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक छोटी बाटली साडेतीन हजाराला होती, आठवड्याला एक, म्हणजे महिन्याचे चौदा हजार, आणि डोस वाढला की आणखी. जूनमध्ये वेगोवी आलं तेही साधारण त्याच रेंजमधलं. पण वेगोवी आणि शुगरसाठीचं ओझेम्पिक यांच्यातलं औषध एकच, सेमाग्लुटाइड, आणि त्याचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच होतं, त्यामुळे आपल्या कंपन्यांना ते जनेरिक म्हणून बनवायला रान मोकळं झालं. किंमत उतरत गेली की "परवडत नाही" हे उत्तर पुरायचं नाही, आणि तेव्हा खरी अडचण उघडी पडेल ती ही की आपल्याला मनातून हा आजार वाटतच नाही.

तसे महाराष्ट्राला हार्मोन नवीन नाहीत. २०१८ च्या आसपास घरोघरी, लोकलमध्ये, हळदीकुंकवाला एकच वाद चालू होता, तुम्ही दीक्षितांचे की दिवेकरांचे? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगायचे दिवसातून दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांच्या आत उरका, कारण प्रत्येक खाण्याला इन्सुलिन सुटतं, ऋजुता दिवेकर सांगायच्या थोड्या थोड्या वेळाने खा, आपलं घरचं खा, तुपाला घाबरू नका. सत्तरीच्या आज्यांना फास्टिंग इन्सुलिन म्हणजे काय ते कळायला लागलं, ही काही लहान गोष्ट नाही, मला त्याचं कौतुकच आहे. दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेले लोक मी पाहिलेत आणि दोन्हींनी उतरून वर्ष-दीड वर्षात परत आलेलेही पाहिलेत. त्या परत येण्याबद्दल मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधी चर्चा व्हायची नाही, तो माणूस गपचूप ग्रुप सोडायचा आणि स्वतःलाच दोष द्यायचा. कारण इन्सुलिन ही अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी लेप्टिन, घ्रेलिन आणि जीएलपी-१ या भुकेच्या हार्मोनची आहे आणि ती आपल्या चर्चेत आलीच नाही.

लेप्टिनची गोष्ट उंदरांपासून सुरू होते. अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत जवळपास १९५० पासून उंदरांची एक जात होती, सारखी खाणारी आणि गोल गरगरीत. त्याच लॅबमधल्या डग्लस कोलमननी अशा उंदराचं आणि साध्या उंदराचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं तर गरगरीत उंदराचं खाणं कमी होऊन तो बारीक व्हायला लागला, म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात काहीतरी आहे जे याच्याकडे नाही. ते काहीतरी शोधायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमला ते बनवणारं जनुक सापडलं आणि कळलं की शरीरातली चरबी हा नुसता मुका साठा नाही, ती स्वतः लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते आणि मेंदूला सांगत राहते की माल किती शिल्लक आहे. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडं दाखवली, मूळ पाकिस्तानी कुटुंबातली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. त्यातल्या मुलीचं वजन नवव्या वर्षी ९४ किलो होतं. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिची भूकच बदलली आणि वजन उतरायला लागलं. त्या पोरीला तोपर्यंत किती जणांनी "ताबा ठेव" म्हणून सांगितलं असेल कोण जाणे.

मग सगळ्यांना वाटलं की झालं, औषध सापडलं. अॅमजेन कंपनीने दोन कोटी डॉलर मोजून लायसन्स घेतलं आणि साध्या लठ्ठ माणसांना लेप्टिन देऊन बघितलं तर फारसं काही झालंच नाही. कारण त्यांच्या रक्तात लेप्टिन आधीपासूनच भरपूर होतं, मेंदू ते ऐकत नव्हता. सोसायटीच्या टाकीतला बॉल अडकला की टाकी वाहायला लागली तरी पंप चालूच राहतो ना, तसं काहीसं. बॉलला कितीही शिव्या घाला, पंप बंद होत नाही.

पण लेप्टिनचं खरं काम दिसतं ते वजन उतरल्यावर. चरबी कमी झाली की लेप्टिन घसरतं आणि मेंदू त्याचा अर्थ एकच लावतो, दुष्काळ पडलाय. शरीराला काय माहीत तुम्ही डाएट करताय. मेलबर्नमध्ये ५० लठ्ठ लोकांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीच्या डाएटवर ठेवलं, सरासरी साडेतेरा किलो उतरले, आणि २०११ मध्ये जो निष्कर्ष छापून आला तो खरं म्हणजे प्रत्येक डाएट क्लिनिकच्या भिंतीवर लावायला पाहिजे, की वर्ष उलटून गेल्यावरही त्यांचं लेप्टिन खालीच होतं, घ्रेलिन, म्हणजे जठरातून निघणारं भूक लावणारं हार्मोन, वरच होतं, आणि त्यांना डाएटच्या आधीपेक्षा जास्त भूक लागत होती. वर्षभर! आणि दुसऱ्या बाजूने शरीर खर्चही आवरतं. अमेरिकेतल्या एका वजन उतरवायच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं तर बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलेलं होतं पण शरीर मात्र बसल्या जागी जेवढ्या कॅलरी जाळायला हव्यात त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कमी जाळत होतं. म्हणजे भूक जास्त, खर्च कमी, आणि वरून शेजारचे काका म्हणणार "बघ, सुटला ना कंट्रोल".

झोपेचं पण एक आहे. शिकागोत २००४ मध्ये बारा तरुण, धडधाकट पोरांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्यावर लेप्टिन १८ टक्के खाली आणि घ्रेलिन २८ टक्के वर. अगदीच छोटा प्रयोग आहे, त्यावर इमले बांधायला नकोत, पण पहाटेची बदलापूर लोकल पकडून रात्री दहाला घरी येणाऱ्याला "रात्री आठनंतर खाऊ नकोस" असं सांगताना जरा तरी लाज वाटावी एवढं त्यातून नक्की निघतं.

आता जीएलपी-१. आपण जेवलो की आतड्यातल्या काही पेशी हे हार्मोन सोडतात, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला पुरे झालं म्हणून कळवतं. अडचण एवढीच की शरीर ते दोनेक मिनिटांत तोडून टाकतं, त्यामुळे औषध म्हणून त्याचा उपयोग होईना. वाट सापडली ती गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत, न्यूयॉर्कच्या जॉन इंग यांना त्यात जीएलपी-१ सारखंच पण टिकाऊ रसायन मिळालं, त्यावरून २००५ मध्ये शुगरसाठी या प्रकारचं पहिलं इंजेक्शन आलं, पुढे लिराग्लुटाइड, मग आठवड्याला एकदाच घ्यायचं सेमाग्लुटाइड, आणि मग जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या हार्मोनची पण नक्कल करणारं टिर्झेपटाइड, म्हणजेच मौंजारो. (आपल्याकडे शुगरला ज्या "ग्लिप्टिन"वाल्या गोळ्या सर्रास लिहून देतात त्याही याच रस्त्यावरच्या, त्या शरीरातलं जीएलपी-१ तुटू देत नाहीत, पण त्यांनी वजन काही उतरत नाही, उगाच आशा नको.) सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, नुसती खोटी सुई घेणाऱ्यांचं अडीच टक्क्यांच्याही आत. टिर्झेपटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसला वीस टक्क्यांच्या वर.

मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते पेशंट काय सांगतात ते. ते सांगतात की डोक्यात दिवसभर चालणारी खाण्याची बडबड थांबली. फ्रिजमध्ये काय आहे, चारला काय खायचं, कोपऱ्यावरचा वडा, हे सगळं शांत झालं. त्यातल्या अनेकांना पहिल्यांदाच कळतं की ही बडबड बाकीच्यांच्या डोक्यात एवढ्या जोरात कधी चालूच नव्हती. बारीक माणसांचा संयम म्हणून आपण ज्याचं कौतुक करत आलो त्यातला बराचसा भाग नुसता नशिबाने मिळालेल्या हार्मोनचा होता, हे पचायला जड आहे, विशेषतः उपास-तापास आणि मन मारण्याचा आपल्याला एवढा अभिमान असताना.

आक्षेप पहिला, औषध सोडलं की वजन परत येतं. येतं, बरोबर आहे. सेमाग्लुटाइडच्या त्याच ट्रायलमधल्या लोकांचं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. पण मला हा माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. अॅम्लोडिपिन बंद केली की बीपी परत चढतं तेव्हा आपण गोळीला फसवी म्हणत नाही आणि पेशंटला नालायक म्हणत नाही, आपण म्हणतो बीपी आहे, गोळी चालू ठेवा. इथे मात्र तीन महिन्यांचा कोर्स, मग "आता स्वतःच्या जोरावर टिकव" अशी अपेक्षा, म्हणजे पुन्हा तीच परीक्षा.

दुसरा आक्षेप विम्यावाल्यांचा, की हे कॉस्मेटिक आहे. हा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण त्यांच्याच नियमात तो टिकत नाही. आरोग्य विम्याच्या ठरावीक अटींमध्ये वजनाचे उपचार वगळलेले असतात, पण त्याच कलमात बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवायच्या सर्जरीला वाट ठेवली आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ४० असेल, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, आणि कमी त्रासाचे उपाय करून झालेले असतील तर. आता ही सर्जरी काय करते? पोट लहान होतं म्हणून माणूस कमी खातो एवढंच नाही. तिच्या स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा जो भाग कापून काढतात तिथेच घ्रेलिन सगळ्यात जास्त बनतं, आणि जठराचा बायपास केला की जेवणानंतरचं जीएलपी-१ कितीतरी वाढतं. म्हणजे चाकूने हार्मोन बदलले तर विमा पैसे देणार, सुईने बदलले तर ते सौंदर्यप्रसाधन! वर अट अशी की कमी त्रासाचे उपाय आधी करा, पण त्या उपायांचे पैसे मागू नका.

तिसरा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. उतरलेल्या वजनात सगळी चरबी नसते. सेमाग्लुटाइडच्या ट्रायलमध्ये काही जणांचं स्कॅन केलं तेव्हा उतरलेल्या वजनातलं जवळपास ४० टक्के चरबी सोडून बाकीचं होतं, त्यात स्नायूही आले. वजन कसंही उतरवलं तरी थोडंफार हे होतंच, पण आपल्यासाठी ते जास्त काळजीचं आहे, आणि का ते पुण्यानेच जगाला सांगितलंय. तिथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपण दिसतो बारीक, पण स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी जन्मलेली बाळं मोजली तर सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा बरीच किरकोळ, पण हडकुळ्या त्या बाळांची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती.

याचे दोन अर्थ निघतात. एक, आपल्याकडे नुसत्या वजनकाट्यावर औषध द्यायचं नाही. कमरेचा घेर (बायकांचा ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषांचा ९० च्या वर), शुगर, लिव्हर, गुडघे, झोपेत श्वास अडकतो का, हे बघून ठरवायचं. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुद्धा हेच म्हटलं की वजनामुळे अवयव बिघडायला लागलेत का ते बघा, नुसता बीएमआय नको. आणि दुसरं, भूक मेलेला माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढायला लागला तर चरबीबरोबर उरलेसुरले स्नायूही जातील. वरणाचं पाणी आणि चार चपात्या या आपल्या जेवणात आधीच प्रोटीन किती असतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून औषधासोबत उसळ, अंडी, दूध-दही काय किती खायचं हे सांगणारी आहारतज्ञ आणि चार साधे ताकदीचे व्यायाम शिकवणारा कोणीतरी लागेल, नुसती सुई हातात देऊन पाठवणं म्हणजे गुन्हा आहे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे तर बऱ्याच जणांना होतंच, पित्ताशयात खडे आणि क्वचित स्वादुपिंडाला सूज हे धोके आहेत, तेव्हा डॉक्टरच्या नजरेखालीच.

आणि नेमकं याच कारणासाठी हे सरकारी दवाखान्यात आलं पाहिजे असं मी म्हणतो. नाही आणलं तर ते येणार नाही असं थोडंच आहे? आलंच आहे. लग्नाआधी सहा किलो उतरवायचे म्हणून ज्यांना गरज नाही ते घेणार, चिठ्ठीशिवाय औषध देणारा केमिस्ट कुठल्या गावात नसतो, आणि ज्या बाईची शुगर तीनशे, गुडघे गेलेले, वजन पंच्याण्णव, ती जिल्हा रुग्णालयाच्या लाईनीत उभी राहून "वजन कमी करा" एवढंच लिहिलेला केसपेपर घेऊन घरी जाणार.

एक आक्षेप ऐकला की मात्र माणूस गप्प होतो. मेळघाटात आणि पालघरमध्ये पोरं कुपोषित असताना तुम्ही बारीक व्हायची इंजेक्शनं मागताय? प्रश्न योग्य आहे, पण याज्ञिकांचं काम नीट बघितलं तर ही दोन वेगळ्या महाराष्ट्रांची गोष्ट राहत नाही. पोटात असताना उपाशी राहिलेलं तेच बाळ पुढे शहरात येतं, वॉचमनची किंवा डिलिव्हरीची नोकरी करतं, स्वस्तातलं तळलेलं खातं आणि चाळिशीच्या आत पोट सुटून शुगर घेऊन बसतं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशात शुगरचे १०.१ कोटी लोक निघाले आणि पोट सुटलेले ३५.१ कोटी. एवढी सगळी माणसं पैसेवाली नाहीत. आणि यांची किडनी गेल्यावर फुकट डायलिसिस द्यायला सरकारकडे योजना आहेच, म्हणजे पैसे खर्च होतातच, फक्त उशिरा. सेमाग्लुटाइडने हृदयविकार असलेल्या लठ्ठ लोकांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून २० टक्क्यांनी कमी झालं, हे २०२३ मध्येच सिद्ध झालंय, आणि पुढच्याच वर्षी शुगरमुळे किडनी खराब व्हायला लागलेल्या पेशंटमध्येही फायदा दिसला.

काही मित्र म्हणतात की औषध आलं की वेफर्स आणि कोल्डड्रिंकवाले सुटतील, सगळं खापर हार्मोनवर. मला उलट वाटतं. हार्मोन समजून घेतले की त्या कंपन्या जास्तच अडकतात. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस लोकांना दवाखान्यात ठेवून दोन आठवडे पाकीटबंद प्रोसेस्ड जेवण आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं जेवण दिलं, हवं तेवढं खा म्हणून, तर पाकीटबंदवर ते दिवसाला ५०० कॅलरी जास्त खात होते, कोणी आग्रह न करता. म्हणजे पोट भरल्याचा निरोपच नीट पोचत नाही असं खाणं बनवून विकायचं आणि वर "जबाबदारीने खा" म्हणायचं. पाकिटाच्या पुढच्या बाजूला साखर-मीठ-तेल बघून दिलेले स्टार छापण्याचं एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) २०२२ चं मसुद्याचं घोडं अडवणारे कोण आहेत ते शोधायला फार अक्कल लागत नाही. लेबल लागलंच पाहिजे, शाळेच्या गेटवरच्या टपरीचं पण बघितलं पाहिजे, पण आज ज्याचं वजन ११० आहे त्याला उद्याच्या लेबलचा काय उपयोग.

सुरुवात कुठून करायची तेही सांगतो, कारण सगळ्यांना उद्यापासून द्या असं मी म्हणत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये ही औषधं अत्यावश्यक यादीत टाकली ती टाइप-२ डायबेटिस आणि सोबत हृदयाचा किंवा किडनीचा आजार आणि लठ्ठपणा असलेल्या लोकांसाठी. तिथूनच करा. जिल्हा रुग्णालयात, आठवड्यातून एक दिवस ओपीडी, राज्याने एकत्र टेंडर काढून जनेरिक घ्यायचं, दर तीन महिन्यांनी कंबर आणि हाताच्या पकडीची ताकद मोजायची, वर्षाने हिशोब जाहीर करायचा, फायदा दिसला तर तालुक्याला न्यायचं, नाही दिसला तर बंद करायचं. इंजेक्शनचं पेन ठेवायला फ्रिज लागतो एवढंच वेगळं, आणि तो इन्सुलिनसाठी तिथे आधीपासून आहे.